आल्वा मिर्डाल : पाळणाघरापासून निःशस्त्रीकरण परिषदेपर्यंत

नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथे १० डिसेंबर १९८२ रोजी नोबेल शांतता पुरस्काराचे वितरण झाले. त्या वर्षीचा पुरस्कार मेक्सिकोचे मुत्सद्दी अल्फोन्सो गार्सिया रोब्लेस आणि स्वीडनच्या माजी मंत्री आल्वा मिर्डाल यांना विभागून देण्यात आला होता. मिर्डाल तेव्हा ८० वर्षांच्या होत्या. अण्वस्त्रांच्या स्पर्धेविरुद्ध त्यांनी केलेल्या दीर्घ प्रयत्नांचा तो गौरव होता. मात्र त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ अण्वस्त्रांच्या प्रश्नापासून फार दूर, पाळणाघरे, प्रसूतीची व्यवस्था आणि विवाहित स्त्रीचा नोकरीचा हक्क या विषयांपासून झाला होता. या दोन टोकांच्या मधली सहा वर्षे त्यांनी नवी दिल्लीत व्यतीत केली. भारत सरकारचा जवाहरलाल नेहरू आंतरराष्ट्रीय सामंजस्य पुरस्कारही त्यांना आणि त्यांचे पती, विख्यात अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्डाल यांना १९८१ या वर्षासाठी संयुक्तपणे देण्यात आला होता.

शिक्षणासाठी संघर्ष

आल्वा राइमर यांचा जन्म ३१ जानेवारी १९०२ रोजी स्वीडनमधील उप्साला येथे झाला. त्यांचे वडील बांधकाम व्यावसायिक होते. समाजवादी विचार आणि सहकारी चळवळ यांवर त्यांची निष्ठा होती. पाच भावंडांच्या या कुटुंबाचे वास्तव्य पुढे एस्किल्स्टुना या औद्योगिक शहराच्या परिसरात होते. आईच्या माहेरी क्षयरोगाने बळी घेतले होते. त्या धास्तीने, अनेकांच्या हातांतून फिरलेली सार्वजनिक ग्रंथालयाची पुस्तके घरात आणण्यास तिने मनाई केली होती. वाचनाची विलक्षण ओढ असलेल्या मुलीला हा निर्बंध जाचक वाटणे स्वाभाविक होते.

याहून मोठा अडथळा शाळेचा होता. विद्यापीठप्रवेशासाठी आवश्यक असलेले उच्च माध्यमिक शिक्षण एस्किल्स्टुना येथे केवळ मुलांना उपलब्ध होते. त्यामुळे आल्वा यांनी व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करून नगरपालिकेच्या करविभागात कारकुनाची नोकरी पत्करली. अखेर वडिलांच्या प्रयत्नांतून मुलींच्या एका लहान गटासाठी स्वतंत्र वर्ग सुरू झाले. त्यासाठी मुलींना वेगळे शुल्क मोजावे लागले आणि मुलांच्या शाळेत बसण्याची परवानगी त्यांना नव्हती. आल्वा यांनी १९२२ मध्ये प्रवेशपात्रता परीक्षा आणि १९२४ मध्ये स्टॉकहोम येथे पदवी परीक्षा उत्तीर्ण केली. मुलगी असल्यामुळे शिक्षणाची वाट कशी अडते, याचा हा पहिला अनुभव त्यांच्या पुढील कार्याच्या मुळाशी राहिला.

१९१९ च्या उन्हाळ्यात सायकलने भ्रमंतीस निघालेले तीन तरुण विद्यार्थी राइमर कुटुंबाच्या शेतावर एका रात्रीच्या मुक्कामासाठी थांबले. त्यांपैकी एक गुन्नार मिर्डाल होते. आल्वा तेव्हा १७ वर्षांच्या होत्या. या परिचयाची परिणती १९२४ मध्ये विवाहात झाली. पुढे यान हा मुलगा आणि सिसेला व काय या दोन मुली अशी तीन अपत्ये त्यांना झाली. १९२९ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर पती-पत्नी अमेरिकेस गेले. दोन वर्षांच्या यानला त्यांनी आजी-आजोबांकडे ठेवले होते. अमेरिकेत मानसशास्त्र आणि बालशिक्षणातील नव्या प्रयोगांचा आल्वा यांनी अभ्यास केला. त्याच वर्षी आलेल्या महामंदीचे परिणामही त्यांनी जवळून पाहिले. राजकारणापासून अलिप्त राहून समाजाचा अभ्यास पूर्ण होत नाही, या निष्कर्षाप्रत दोघेही तेथेच आले.

लोकसंख्येचा प्रश्न

१९३० च्या दशकाच्या आरंभी स्वीडनचा जन्मदर युरोपातील सर्वांत कमी दरांपैकी एक झाला होता. राष्ट्र वृद्ध होत चालल्याची चिंता पुराणमतवादी पक्ष व्यक्त करीत होते. स्त्रियांनी नोकऱ्या सोडून घरी परतावे आणि संततिनियमनाच्या माहितीवरील बंदी कायम ठेवावी, हा त्यांचा उपाय होता. या विषयावर आल्वा आणि गुन्नार यांनी १९३४ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि चर्चेची दिशाच पालटली. लोकसंख्येतील घट त्यांनी मान्य केली. परंतु तिचे कारण त्यांनी स्त्रियांच्या स्वातंत्र्यात न शोधता अपुरी घरे, तुटपुंजे वेतन आणि अपत्यागणिक वाढणारा कुटुंबाचा आर्थिक भार यांत शोधले. मुले समाजाला हवी असतील, तर त्यांच्या संगोपनाचा खर्चही समाजाने उचलला पाहिजे, हे त्यांचे प्रतिपादन होते. मोफत प्रसूतिसेवा, मुलांसाठी शाळेत भोजन, मोठ्या कुटुंबांना घरांसाठी साहाय्य, लैंगिक शिक्षण आणि संततिनियमनाची मोकळी माहिती अशा उपायांची सविस्तर मांडणी त्यात होती. प्रत्येक अपत्य मातापित्यांना हवे असलेले असावे, हे त्यामागील सूत्र होते.

या ग्रंथाने देशभर खळबळ उडाली. मिर्डाल हे आडनाव वर्तमानपत्रांतील विनोदांचा आणि टीकेचा विषय झाले. तथापि पुढील काही वर्षांत त्यातील अनेक सूचना कायद्यात उतरल्या. संततिनियमनाच्या माहितीवरील बंदी १९३८ मध्ये उठली आणि सर्व मुलांसाठी सरसकट बालभत्ता १९४८ पासून सुरू झाला. स्त्रियांच्या रोजगाराविषयीच्या सरकारी समितीच्या सचिव म्हणून आल्वा यांनी १९३५ ते १९३८ या काळात काम केले. केर्स्टिन हेसेलग्रेन या समितीच्या अध्यक्ष होत्या. मंदीच्या काळात विवाहित स्त्रियांना कामावरून कमी करावे, अशी मागणी जोर धरत असताना या समितीने आकडेवारीच्या आधारे ती खोडून काढली. वाङ्‌निश्चय, विवाह किंवा अपत्यजन्म या कारणांवरून स्त्रीला नोकरीतून काढण्यास मनाई करणारा कायदा स्वीडनच्या संसदेने १९३९ मध्ये संमत केला.

मात्र केवळ कायद्याने स्त्रीचा दिवस मोकळा होत नाही, याची आल्वा यांना जाणीव होती. वास्तुविशारद स्वेन मार्केलियुस यांच्या सहकार्याने स्टॉकहोममध्ये सामूहिक निवासाची इमारत १९३५ मध्ये उभी राहिली. तळमजल्यावर सामाईक स्वयंपाकघर, तेथून प्रत्येक घरात जेवण पोहोचविणारी उद्‌वाहने आणि त्याच इमारतीत मुलांसाठी पाळणाघर, अशी तिची रचना होती. १९३६ मध्ये त्यांनी बालवाडी शिक्षिकांच्या प्रशिक्षणासाठी संस्था स्थापन केली आणि १९४८ पर्यंत तिचे संचालन केले. पाळणाघर ही केवळ गरीब मातांची सोय असल्याची तत्कालीन समजूत त्यांना मान्य नव्हती. शहरातील लहान घरात एकट्या वाढणाऱ्या मुलालाही समवयस्कांचा सहवास आणि प्रशिक्षित शिक्षिका मिळणे हा त्याचा हक्क आहे, अशी त्यांची भूमिका होती.

या कार्याला एक काळी बाजूही होती. मानसिकदृष्ट्या अक्षम ठरविलेल्या व्यक्तींचे निर्बीजीकरण करण्याच्या धोरणाला मिर्डाल दांपत्याने आपल्या लेखनातून पाठिंबा दिला होता. याविषयीचे कायदे १९३४ आणि १९४१ मध्ये झाले आणि १९७५ पर्यंत अमलात राहिले. त्या कालावधीत सुमारे ६३ हजार व्यक्तींवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि अनेकींची संमती दबावाखाली घेण्यात आली होती. १९९७ मध्ये वृत्तपत्रीय लेखांतून हा विषय पुन्हा ऐरणीवर आला आणि १९९९ मध्ये संसदेने पीडितांना भरपाई देण्याचा कायदा केला. प्रत्येक अपत्य हवेसे असावे, असे सांगणाऱ्या या विचारात, ते कोणाला हवे असावे हे ठरविण्याचा अधिकार काही वेळा राज्यसंस्थेकडे सोपविला गेला होता. आल्वा मिर्डाल यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना हा भाग वगळता येत नाही.

वयाच्या ४७ व्या वर्षी स्वतंत्र वाट

१९३८ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या स्थितीच्या अभ्यासाचे काम गुन्नार यांच्याकडे आले आणि कुटुंब पुन्हा अमेरिकेस गेले. जर्मनीने डेन्मार्क आणि नॉर्वेवर आक्रमण केल्यानंतर, १९४० मध्ये ते सर्व धोका पत्करून मायदेशी परतले. पुढील वर्षी गुन्नार अपुऱ्या राहिलेल्या कामासाठी परत गेले. त्यांच्या आग्रहावरून मुलांना स्वीडनमध्ये ठेवून आल्वाही काही महिन्यांसाठी तेथे गेल्या. पतीचे कार्य, मुलांची गरज आणि स्वतःचे काम या तिहेरी ओढाताणीत त्यांच्या वाट्याला येणारा निर्णय बहुधा पतीच्या बाजूने जात असे. १९४७ मध्ये गुन्नार संयुक्त राष्ट्रसंघाच्या युरोप आर्थिक आयोगाचे प्रमुख झाले, तेव्हा आल्वा आपली संस्था आणि स्वीडनमधील स्थान सोडून जिनिव्हास गेल्या. तेथे त्यांची ओळख उच्चपदस्थ अधिकाऱ्याची पत्नी एवढीच उरली.

१९४९ च्या आरंभी न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या समाजकल्याण विभागाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले आणि या वेळी त्यांनी ते स्वीकारले. त्या काळी राष्ट्रसंघाच्या सचिवालयात एवढ्या वरच्या पदावर दुसरी स्त्री नव्हती. पती आणि दोन्ही मुली जिनिव्हातच राहिल्या. मुलींची वये तेव्हा चौदा आणि बारा वर्षांची होती. पुढे १९५० ते १९५५ या काळात पॅरिस येथे युनेस्कोच्या समाजशास्त्र विभागाचे संचालकपद त्यांनी सांभाळले.

याच सुमारास व्हिओला क्लाइन या समाजशास्त्रज्ञ सहलेखिकेसह त्यांनी एका ग्रंथाचे काम चालविले होते. स्त्रियांच्या घर आणि नोकरी या दोन भूमिकांवरील हा ग्रंथ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुर्मान वाढल्यामुळे आणि अपत्यांची संख्या घटल्यामुळे मुलांच्या संगोपनाचा काळ हा स्त्रीच्या आयुष्याचा केवळ एक टप्पा उरला आहे, असे त्यात दाखवून दिले होते. शिक्षण, अपत्यसंगोपन आणि पुन्हा व्यवसाय अशा टप्प्यांची आखणी करता यावी, यासाठी कामाचे तास, प्रशिक्षण आणि प्रसूती रजा यांत बदल करण्याची शिफारस लेखिकांनी केली होती. घरकामाचा मुख्य भार स्त्रीकडेच राहील, हे या मांडणीत गृहीत धरले होते. पुढील पिढीतील स्वीडिश स्त्री-पुरुषांनी नेमका हाच आक्षेप घेतला. पुरुषालाही घर आणि काम अशा दोन भूमिका आहेत, हा विचार १९६० च्या दशकात तेथे रुजला आणि मातेप्रमाणे पित्यालाही संगोपनाच्या रजेचा अधिकार देणारी व्यवस्था १९७४ मध्ये अस्तित्वात आली.

भारतातील वास्तव्य

१९५५ मध्ये आल्वा मिर्डाल यांची भारतातील स्वीडनच्या प्रतिनिधिपदी नियुक्ती झाली. राजदूतपदापर्यंत पोहोचलेल्या त्या स्वीडनच्या पहिल्या महिला होत. सिलोन, ब्रह्मदेश आणि नेपाळ या देशांचा कार्यभारही त्यांच्याकडे होता. स्वीडन कोणत्याही लष्करी गटात नव्हता आणि भारत अलिप्ततेच्या धोरणाचा पुरस्कर्ता होता. त्यामुळे दोन्ही देशांत संवादाला अनुकूल वातावरण होते. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. नियोजन, शिक्षण आणि समाजविकास या विषयांत रस असणाऱ्या या राजदूतांचा वावर राजनैतिक समारंभांपुरता मर्यादित राहिला नाही. दिल्लीच्या चाणक्यपुरीतील स्वीडिश दूतावासाची वास्तू त्यांच्याच कार्यकाळात उभी राहिली. कुटुंबनियोजनासाठी स्वीडनने सिलोनला साहाय्य देण्याचा करारही याच काळात, १९५८ मध्ये झाला. घटत्या जन्मदराच्या चर्चेतून ज्यांचे नाव पुढे आले, त्यांच्या कार्यक्षेत्रात आता वाढत्या लोकसंख्येचा प्रश्न होता. मात्र मातापित्यांना निवडीचे स्वातंत्र्य असावे, हे सूत्र तेच होते.

दिल्लीतील वास्तव्याने मिर्डाल कुटुंबातील जुना क्रमही बदलला. या वेळी पत्नीच्या नियुक्तीमुळे पतीचे कार्यक्षेत्र ठरले. गुन्नार १९५७ मध्ये दिल्लीस आले आणि दक्षिण आशियातील दारिद्र्याचा अभ्यास त्यांनी हाती घेतला. तीन खंडांतील त्यांचा एशियन ड्रामा हा ग्रंथ १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय नियोजनाविषयीच्या चर्चेत त्याचा दीर्घकाळ उल्लेख होत राहिला.

अण्वस्त्रांविरुद्ध आकडेवारीचे शस्त्र

१९६१ मध्ये आल्वा स्वदेशी परतल्या. निवृत्तीचे वय जवळ आले असताना त्यांच्या कारकिर्दीचे सर्वांत महत्त्वाचे पर्व सुरू झाले. परराष्ट्रमंत्री ओस्टेन उंडेन यांनी निःशस्त्रीकरणाच्या प्रश्नाचा अभ्यास करण्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली. १९६२ मध्ये त्या संसदेवर निवडून आल्या. त्याच वर्षी जिनिव्हा येथे भरलेल्या १८ राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरण समितीत त्या स्वीडनच्या शिष्टमंडळाच्या नेत्या झाल्या. हे पद त्यांनी १९७३ पर्यंत सांभाळले.

या समितीत दोन्ही लष्करी गटांशिवाय आठ तटस्थ राष्ट्रे होती. भारत, स्वीडन, ब्रह्मदेश, इजिप्त, इथिओपिया, नायजेरिया, ब्राझील आणि मेक्सिको या आठ देशांनी १९६२ च्या एप्रिलमध्ये संयुक्त निवेदन सादर केले. अणुचाचण्यांवर देखरेख ठेवण्यासाठी शास्त्रज्ञांचा आंतरराष्ट्रीय आयोग नेमावा, अशी सूचना त्यात होती. तेव्हा चाचणीबंदीची बोलणी भूमिगत चाचण्यांच्या पडताळणीवर अडली होती. प्रत्यक्ष जागेवर जाऊन वर्षाकाठी सात तपासण्या व्हाव्यात, असा अमेरिकेचा आग्रह होता. सोव्हिएत संघ तीनपेक्षा अधिक तपासण्यांस तयार नव्हता. दोघांतील अंतर एवढे अल्प असताना करार होत नाही, याचा अर्थ अडचण तांत्रिक नसून राजकीय आहे, असा निष्कर्ष मिर्डाल यांनी काढला.

मिर्डाल स्वतः भौतिकशास्त्रज्ञ नव्हत्या. परंतु भूकंप आणि भूमिगत स्फोट यांच्या कंपनांतील फरक त्यांनी तज्ज्ञांकडून समजून घेतला. भूकंपमापन केंद्रांचे जाळे उभारून आणि त्यांच्या नोंदींची देवाणघेवाण करून चाचण्या दूरवरूनच ओळखता येतील, हे स्वीडनने सातत्याने मांडले. हागफोर्स येथे स्वीडनने असे केंद्रही उभारले. १९६३ मध्ये मॉस्को येथे झालेल्या करारात वातावरणातील, अंतराळातील आणि पाण्याखालील चाचण्यांवर बंदी आली. भूमिगत चाचण्या मात्र वगळण्यात आल्या. त्यामुळे स्पर्धा थांबली नाही, ती भूगर्भात गेली, ही मिर्डाल यांची खंत अखेरपर्यंत राहिली.

स्वतःच्या देशातही त्यांना या प्रश्नाला सामोरे जावे लागले. १९५० च्या दशकात स्वीडनच्या संरक्षण वर्तुळात अण्वस्त्रे तयार करण्याचा गंभीर विचार सुरू होता. त्याला विरोध करणाऱ्यांत त्यांचा प्रभाव मोठा होता. स्वीडनने हा पर्याय सोडून दिला आणि १९६८ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर स्वाक्षरी केली. जिनिव्हात स्वीडनच्या बरोबरीने काम करणाऱ्या भारताने मात्र तो करार भेदभाव करणारा असल्याचे सांगून स्वाक्षरी नाकारली. महासत्तांवर निःशस्त्रीकरणाचे कोणतेही ठोस बंधन हा करार घालत नाही, ही टीका मिर्डाल यांनीही केली होती. निदान एकच, परंतु दोन्ही देशांनी निवडलेले मार्ग भिन्न होते.

स्वीडनच्या दीडशे वर्षांच्या शांततेचे स्मरण म्हणून शांतताविषयक संशोधनसंस्था स्थापन करण्याची कल्पना पंतप्रधान टागे एर्लांडर यांनी मांडली होती. तिची आखणी करणाऱ्या समितीच्या अध्यक्ष मिर्डाल होत्या. त्यातून १९६६ मध्ये स्टॉकहोम आंतरराष्ट्रीय शांतता संशोधन संस्था अर्थात सिप्री साकार झाली. जगभरातील लष्करी खर्च आणि शस्त्रव्यापाराची तिची आकडेवारी दरवर्षी भारतातील वृत्तपत्रांतही प्रसिद्ध होते. शस्त्रांविषयीची माहिती केवळ महासत्तांच्या हाती राहू नये, हा त्यामागील विचार होता. १९६७ ते १९७३ या काळात मिर्डाल मंत्रिमंडळात निःशस्त्रीकरण विभागाच्या मंत्री होत्या. सत्तारूढ पक्षाने नेमलेल्या समानताविषयक गटाचे नेतृत्वही त्यांच्याकडे होते. त्याचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. निवृत्तीनंतर १९७६ मध्ये त्यांनी निःशस्त्रीकरणाच्या खेळाविषयीचा आपला ग्रंथ लिहिला. दोन्ही महासत्ता वाटाघाटींचा देखावा करून शस्त्रे वाढविण्यास एकमेकींना मोकळीक देत आहेत, असे परखड विवेचन त्यात होते.

सन्मान आणि घरातील वादळ

गुन्नार मिर्डाल यांना १९७४ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले होते. आल्वा यांचे नावही शांतता पुरस्कारासाठी चर्चेत होते. १९८१ मध्ये त्यांना डावलले गेल्याची भावना नॉर्वेत इतकी तीव्र झाली की, तेथील नागरिकांनी वर्गणी गोळा करून १९८२ च्या आरंभी त्यांना लोकांचा शांतता पुरस्कार अर्पण केला. त्याच वर्षी नोबेल समितीचाही निर्णय आला. पती आणि पत्नी दोघांनाही वेगवेगळ्या विषयांत, स्वतंत्रपणे नोबेल मिळण्याचा हा दुर्मिळ योग होता.

याच वर्षी त्यांच्या मुलाचे बालपणाच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखक म्हणून ख्याती मिळविलेल्या आणि भारतावरही ग्रंथलेखन करणाऱ्या यान मिर्डाल यांनी त्यात आपल्या आईवडिलांवर उपेक्षेचा आरोप केला. बालसंगोपनाच्या नव्या विचारांची प्रणेती मानली गेलेली स्त्री स्वतः माता म्हणून अपुरी पडली, असे चित्र त्यातून उभे राहिले. स्वीडनमध्ये त्यावर मोठा वाद झाला. कन्या सिसेला बोक यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या चरित्रात आईच्या जीवनातील ओढाताण अधिक समजुतीने मांडली. एकाच घरातील दोन अपत्यांनी पाहिलेल्या या दोन आल्वा होत्या.

अखेरच्या वर्षांत मेंदूच्या विकाराने त्यांची वाचाशक्ती हिरावून घेतली. आयुष्यभर शब्द आणि युक्तिवाद हेच ज्यांचे साधन होते, त्यांच्यासाठी ही अवस्था कठीण होती. वयाची ८४ वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १ फेब्रुवारी १९८६ रोजी त्यांचे निधन झाले. पुढील वर्षी मे महिन्यात गुन्नार मिर्डाल यांनीही जगाचा निरोप घेतला.

सर्व प्रकारच्या अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार संयुक्त राष्ट्रसंघाने १९९६ मध्ये स्वीकारला, परंतु आवश्यक त्या सर्व देशांची मान्यता न मिळाल्याने तो अमलात येऊ शकलेला नाही. त्याच्या अंमलबजावणीसाठी उभारलेले भूकंपमापन केंद्रांचे जागतिक जाळे मात्र कार्यरत आहे. पाळणाघरांची स्थितीही काहीशी अशीच आहे. अनेक देशांत कायदे झाले, सोयी झाल्या, तरी घर आणि काम यांतील ओढाताण पुष्कळ स्त्रियांच्या वाट्याला अजूनही येते. व्यक्तीची म्हणून समजली जाणारी अडचण मोजावी, तिची कारणे शोधावीत आणि तिच्या निवारणासाठी कायमची व्यवस्था उभी करावी, ही आल्वा मिर्डाल यांची कार्यपद्धती होती. त्यांनी सुरू केलेली दोन्ही कामे अपुरी आहेत. त्यांचे पुढचे टप्पे गाठण्यासाठी लागणारी साधने मात्र त्यांनी मागे ठेवली आहेत.